‘केळब्याड्री’ नावाचं नेटवर्क

पडद्यावर नावं येत होती आणि मुलं हसत होती.

‘अज्जीमने’, म्हणजे आजीचं घर. ‘ग्राउंड फ्लोअर भाडेकरू’. ‘पासवर्ड विचारलास तर बघ’. एकेक नाव आलं की वर्गातला कुणीतरी ओरडायचा, “ए, ते आमच्या घरचं!” आणि पुन्हा हशा.

हुबळीच्या विद्यानगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकवते. तिसऱ्या वर्षाला आमच्याकडे ग्रुप प्रेझेंटेशन असतं. गटानं एक विषय निवडायचा, त्यावरचे रिसर्च पेपर वाचायचे, स्वतः काहीतरी मोजायचं आणि वर्गासमोर मांडायचं. बहुतेक गट इंटरनेटवरून स्लाइड उचलतात आणि मी त्यांचे मार्क कापते. हा गट वेगळा होता. नागराज, अमृता आणि विनायक. विषय होता ‘फोनच्या हाका’.

विषय सोपा करून सांगते. तुमचा फोन एकदा एखाद्या वायफायला जोडला गेला की त्याचं नाव लक्षात ठेवतो. पुढे काही फोन, विशेषतः जुने, जातील तिथे त्या नावानं हाक मारत राहतात. अमुक नेटवर्क, आहेस का? तमुक नेटवर्क, आहेस का? आपल्याला ऐकू येत नाही. पण लॅपटॉपला योग्य अडॅप्टर लावला की त्या हाका पडद्यावर दिसतात. सेमिनार हॉलच्या दारावर आम्ही सूचना चिकटवली होती की डेमो चालू आहे, ज्यांना नको त्यांनी वायफाय बंद ठेवावं. कुणी बंद केलं नव्हतं. मुलांना गंमत वाटत होती.

मग एक नाव आलं आणि मागच्या बाकावरचा हशा तुटला.

‘केळब्याड्री’.

आमच्या हुबळी-धारवाडकडच्या कन्नडमध्ये याचा अर्थ मागू नका. विचारू नका, असाही होतो. मला नाव नवीन होतं, पण वर्गाला नव्हतं. एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, हे प्रसादचं आहे.”

प्रसाद याच वर्गातला. अळणावरच्या बाजूच्या गावातून आलेला, उंच, सारखा चेष्टा करणारा मुलगा. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेला. हॉस्टेलवर त्याच्या मोबाइलचा डेटा सगळे मागायचे, म्हणून त्यानं हॉटस्पॉटचं नावच ‘मागू नका’ ठेवलं होतं.

नागराज पडद्याशेजारी उभा होता. तो कन्नड-इंग्रजी मिसळून बोलायचा, मी मराठीत सांगते. त्यानं घसा खाकरला. “घाबरायचं काही नाही. ही फक्त हाक आहे. प्रसादच्या नेटवर्कला कधी काळी जोडलेला एखादा फोन या खोलीत आहे. नेटवर्क उरलं नाही, पण फोनला ते कुठे माहीत?”

स्पष्टीकरण बरोबर होतं. मीही मान हलवली. थोडं वाईट वाटलं, पण वर्ग सैल झाला. मुलं आपापले फोन काढून बघायला लागली.

तेवढ्यात त्या नावासमोर हिरवी ओळ उमटली.

पांढरी ओळ म्हणजे हाक, हिरवी म्हणजे उत्तर. डेमोच्या सुरुवातीला नागराजनंच हे सांगितलं होतं, त्यामुळे आता कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. पुन्हा हाक. पुन्हा उत्तर. आहेस का? आहे.

“नागराज, रेकॉर्ड केलेली फाइल चालवतोस काय?” मी विचारलं.

“नाही मॅडम. लाइव्ह आहे.”

हिरव्या ओळीच्या शेवटी सिग्नलचा आकडा असतो. तो उणे असतो. उणे नव्वद म्हणजे यंत्र लांब, उणे चाळीस म्हणजे हाताच्या अंतरावर. तो आकडा हलत होता. उणे ऐंशीच्या आसपास होता, तो सत्तरवर आला, मग साठवर. काहीतरी आमच्याकडे येत होतं. कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांचे डोळे पडद्यावरून दाराकडे गेले. दार लोटलेलं होतं. बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली. सावकाश, चपला किंचित घासत. दाराखालच्या फटीतून सावली सरकली.

दार उघडायला कुणी उठलं नाही. मी दाराच्या सगळ्यात जवळ होते. मीही नाही. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन येतंय, खाली गाड्यांचे हॉर्न वाजतायत, आणि माझ्या हातावर काटा आलेला.

पावलं पुढे गेली. आकडा उतरत गेला. साठ, सत्तर, ऐंशी. मग हिरव्या ओळी थांबल्या. पांढऱ्या चालूच राहिल्या.

तेव्हा विनायकनं आपला फोन वर धरला. प्रेझेंटेशनमध्ये त्याचा भाग शेवटी होता, तोवर तो कोपऱ्यात गप्प उभा होता. प्रसादचा हॉस्टेलमधला रूम पार्टनर तोच. केशवापूरला भांड्यांचं दुकान असलेल्या घरातला, चांगला अंगानं भरलेला मुलगा, पण त्या सेमिस्टरला गालफडं बसली होती.

“मॅडम, कनेक्ट झाला होता,” तो म्हणाला. “तुम्हालाही दिसलं ना? सगळ्यांना दिसलं ना?”

मी वर्ग सोडला. तिघांना घेऊन केबिनमध्ये आले.

विनायक पाणी प्यायला आणि सांगायला लागला. पहिल्यांदा झालं ते लायब्ररीत. सेमिस्टर सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. वाचत बसला असताना फोनवर वायफायची खूण आली. बघतो तर प्रसादचं नेटवर्क. मान वर करून आजूबाजूला बघितलं. तोवर गेलं. मग कँटीनजवळ एकदा. मग पुन्हा लायब्ररीत. त्यानं प्रसादच्या नंबरवर फोन लावला, तर नंबर अस्तित्वात नाही असं बाई सांगत होती. त्यानं लायब्ररीत जाणं बंद केलं.

“कुणाला सांगितलंस?”

“काय सांगू मॅडम? घरी सांगितलं तर अप्पा डॉक्टरकडे नेतील. आई अंगारा लावेल. मला वाटलं मलाच दिसतंय. म्हणून हा विषय सुचवला. म्हटलं, मोठ्या पडद्यावर दिसलं तर सगळ्यांना दिसेल. नाही दिसलं तर...”

नागराज आणि अमृता त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

माझा पहिला संशय खोडसाळपणाचा होता. हॉटस्पॉटला कुणीही कुठलंही नाव देऊ शकतं. उद्या मी माझ्या फोनला तुमच्या घरच्या वायफायचं नाव देईन. पण नाव सारखं असून भागत नाही. फोन जोडला जायला पासवर्डही तोच लागतो.

“पासवर्ड काय होता?” मी विचारलं.

“मला माहीत नाही,” विनायक म्हणाला. “माझ्या फोनमध्ये त्यानंच टाकला होता. मी मागितला की म्हणायचा, नाव वाच. शिवाय पुढे त्यानं ते नेटवर्क हिडन करून टाकलं होतं. दुसऱ्यांच्या फोनला तर यादीत दिसायचंही नाही.”

इथे कोडं निम्मं सुटलं. हॉटस्पॉट लपवून ठेवला की तो आपण होऊन नाव जाहीर करत नाही. जोडलेल्या फोनला त्याला नावानंच हाक मारावी लागते. म्हणून विनायकचा फोन हाका मारत होता. पण उत्तर देणाऱ्याला पासवर्ड माहीत होता, आणि तो विनायकलाही माहीत नव्हता. म्हणजे खोडसाळपणा जवळजवळ बाद. प्रसादचाच फोन कॉलेजात फिरत होता.

“चोरीला गेला असेल,” नागराज म्हणाला. “किंवा घरच्यांनी विकला असेल.”

“विकताना सगळं पुसतात,” अमृता म्हणाली.

“मग घरी विचारू या?”

त्या आईला फोन लावून काय विचारायचं होतं? तुमच्या मुलाचा फोन कुठे आहे, तो इथे आम्हाला उत्तर देतोय?

संध्याकाळच्या आत विभागाच्या हेडनी बोलावलं. हिरेमठ सर भला माणूस, पण त्यांना कॉलेजात गोंधळ खपत नाही.

“मॅडम, काय ऐकतोय मी? प्रसादचं भूत आलं म्हणे सेमिनार हॉलमध्ये.”

“भूत नाही सर. त्याचा हॉटस्पॉट आला.”

“म्हणजे तेच की!” ते म्हणाले. मग चष्मा काढून डोळे चोळले. “त्याचे वडील आले होते, तेव्हा मी याच खुर्चीत बसलो होतो. पुन्हा ते सगळं उकरायचं नाही. बाकीच्या गटांना सांगा, डेमो बंद. नुसती थिअरी बोला.”

“सर, आज बंद केलं तर पोरं म्हणतील कॉलेजच घाबरलं. मला उद्याचा दिवस द्या.”

“आणि सापडलं नाही तर?”

“तर नोटीस मीच लिहिते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सेमिनार हॉलच्या कडीला कुणीतरी लिंबू बांधलं होतं. पोरांनी फोनवर सिग्नल मोजायची ॲप टाकून घेतली होती आणि मधल्या वेळेत टोळ्या करून शोधणार होती. मी वर्गात जाऊन स्पष्ट सांगितलं, “जो कुणी हे शोधताना दिसेल त्याचे इंटर्नलचे मार्क गेले. तो फोन कुणाच्या तरी खिशात आहे. ते माणूस आहे. त्याच्यामागे तीस जण लागलेले मला चालणार नाहीत.”

बोलताना आवाज ठाम होता. पण रात्री नीट झोप लागली नव्हती, हेही सांगून टाकते. मी शास्त्र शिकवते. ती पावलं मात्र डोक्यातून जात नव्हती. दारापासून दोन हातांवर बसून मी उठले का नाही, याचं शास्त्रीय उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी आणि अमृता लॅपटॉप घेऊन निघालो. विनायकला बरोबर घेतलं नाही, पण त्याचा फोन मागून घेतला, कारण हाक त्याच फोनला मारता येत होती. व्हरांड्यात काही नाही. कँटीनकडे काही नाही. लायब्ररीच्या जिन्यावर पांढऱ्या ओळींमध्ये पहिली हिरवी ओळ आली. अमृतानं माझा दंड धरला.

“आहे, मॅडम.”

लायब्ररी सगळ्या विभागांची एकच आहे. इंजिनिअरिंगची मुलं, शेजारच्या इमारतीतली डिग्रीची मुलं, सगळी तिथेच. रीडिंग हॉल भरलेला आणि शांत. आम्ही रांगांमधून चाललो. पासष्ट. वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे गेलो तर सत्तर, म्हणून मागे फिरलो. साठ. पन्नास. इतकी माणसं मान खाली घालून बसलेली आणि त्यातलं एक जण आम्हाला सारखं ‘आहे, आहे’ म्हणतंय, ही कल्पना पाठीतून थंड सरकत गेली. खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलाशी आकडा चाळीसच्या आत आला.

तिथे एक मुलगी एकटीच बसली होती. बारीक चणीची, दोन वेण्या, पहिल्या वर्षाची वाटावी अशी. समोर जुना लॅपटॉप. शेजारी, तडा गेलेल्या काचेचा मोबाइल उताणा ठेवलेला.

मी लॅपटॉप मिटला. अमृताला दाराशी थांबायला सांगितलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले. मुलीनं वर बघितलं. रुंद कपाळ, दाट भुवया, थेट प्रसादसारख्या. मग फोन कुणाचा, हे तिला विचारायची गरज उरली नाही.

“तू प्रसादची कोण?”

तिचा चेहरा पांढरा पडला. “बहीण,” ती म्हणाली. “दीपा. मॅडम, कुणाला सांगू नका.”

आम्ही बाहेर कट्ट्यावर येऊन बसलो. दीपा शेजारच्या इमारतीत बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. प्रसाद गेला त्यानंतर काही दिवसांतच तिचा प्रवेश झाला. वडील म्हणत होते, त्या कॉलेजच्या आवारात पाय ठेवायचा नाही. आई म्हणाली, पोरीनं शिकायचं आणि तिथंच शिकायचं. भावाचा फोन आणि लॅपटॉप तिला मिळाला. सिम तिनं आपलं घातलं. हॉटस्पॉटचं नाव बदललं नाही, कारण लॅपटॉप आपोआप जोडला जात होता.

“मग इथं कुणाला सांगितलं का नाहीस? त्याचे एवढे मित्र आहेत.”

“गावात सांगायला लागतच नाही मॅडम. मी दुकानात गेले की बायका बोलायच्या थांबतात. इथं मी नुसती दीपा आहे की. तेवढं तरी राहू दे म्हटलं.”

मी मान हलवली. काल दुपारी सेमिनार हॉलसमोरून गेली होतीस का, विचारलं. ती म्हणाली, हो, रोज त्याच व्हरांड्यातून वर्गावर जाते. हॉटस्पॉट चालूच असतो, पिशवीत.

“चालू कशाला ठेवतेस? बॅटरी संपते. वापर नसला की आपोआप बंद व्हायला पाहिजे.”

“ते सेटिंग मी काढून टाकलं.”

“का?”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “कुणीतरी येतं मॅडम.”

“कुठं येतं?”

“हॉटस्पॉटवर. पहिल्यांदा लायब्ररीत आलं. माझा एकच लॅपटॉप जोडलेला, आणि स्क्रीनवर दाखवतंय दोन. नाव नाही, नुसतं फोनचं मॉडेल. मी सगळीकडे बघितलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मग गेलं. पासवर्ड दादाशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. मी पण लॅपटॉपमध्ये होता म्हणूनच वापरते. मला आधी भीती वाटली. घरी जाऊन आईच्या कुशीत झोपले. पण मग वाटलं, जे कोण येतंय ते दादाच्या ओळखीचं आहे. बंद केलं तर परत यायचं नाही. म्हणून बंद करत नाही.”

बावीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे की दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांची माणसं बोलत असतात असं नाही. त्या कट्ट्यावर मला याचा अर्थ नव्यानं कळला. एक पोरगा घाबरून लायब्ररी सोडून पळत होता आणि एक पोरगी त्याच्यासाठी दिवसभर दार उघडं ठेवून बसली होती. मधल्या काळात त्यांचे फोन मात्र शिस्तीत आपलं काम करत होते.

मी तिला विनायकबद्दल सांगितलं. भेटायचं की नाही ते तू ठरव, म्हटलं. नको म्हणालीस तर त्याला एवढंच सांगेन की फोन घरच्यांकडे आहे, काळजीचं कारण नाही. तिनं विचार केला.

“त्याला त्रास झाला का लई?”

“झाला.”

“मग बोलवा.”

भेट माझ्या केबिनमध्ये झाली. अमृता बरोबर होती, दार उघडं ठेवलं होतं. विनायक आत आला, दीपाकडे बघितलं आणि भिंतीला टेकला. ओळख करून द्यायची गरज त्यालाही पडली नाही.

दीपानं त्याच्या फोनकडे बोट दाखवलं. “तोच का?”

त्यानं फोन पुढे केला. तिनं मॉडेल बघितलं आणि मान हलवली. विनायक म्हणाला, “अळणावरच्या गाडीत मीच बसवलं त्याला. अंग तापलं होतं. मी म्हटलं, येऊ का बरोबर? म्हणाला, कशाला, साधा ताप आहे, दोन दिवसांत येतो. मी ऐकलं.”

“दादा तसाच होता,” दीपा म्हणाली. “आमच्या आप्पांना पण हेच म्हणाला. डॉक्टरांना पण.” मग तिला काहीतरी आठवलं. “तुम्हीच विन्या ना? तुमच्यासाठी निरोप होता. दवाखान्यात म्हणाला होता, विन्याकडं माझं जर्किन राहिलंय, परत नको, त्यालाच घालायला सांग. मला वाटलं कुणीतरी येऊन घेऊन जाईल निरोप. मग राहूनच गेलं.”

विनायक खाली बसला, फरशीवरच. जर्किन हॉस्टेलच्या कपाटात होतं. पावसाळ्यापासून त्यानं त्या कपाटाचं दार उघडलं नव्हतं. तो मोठ्यानं रडला. व्हरांड्यातून जाणाऱ्या एका प्राध्यापकांनी आत डोकावलं, मी हातानं खूण करून त्यांना पुढे पाठवलं.

हिरेमठ सरांना मी सांगितलं, फोन घरच्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्यातलं एक माणूस इथे येतं, नाव विचारू नका. त्यांनी विचारलं नाही. “मग रिपोर्टमध्ये काय लिहू?” म्हणाले. म्हटलं, लिहा, सिग्नलचा उगम सापडला, यंत्रणेत दोष नाही. त्यांनी तसंच लिहिलं. वर्गालाही मी एवढंच सांगितलं. दीपाचं नाव नागराजनं कुठे घेतलं नाही, अमृतानंही नाही. पुढे महिनाभरानं दीपानं स्वतःच सांगितलं, तिला वाटलं तेव्हा, ज्यांना सांगावंसं वाटलं त्यांना. विनायक आता लायब्ररीत बसतो. तिचं पहिल्या वर्षाचं गणित कच्चं आहे, ते तो घेतो, आणि बरं घेतो असं ऐकते.

गटाला मार्क चांगले दिले, पण पैकीच्या पैकी नाही. वेळ संपली तेव्हा निष्कर्षाची स्लाइड बाकी होती, आणि नियम सगळ्यांना सारखा. नागराज वाद घालायला आला होता. “मॅडम, आमचा डेमो तर अर्ध्यात तुम्हीच थांबवला.” मुद्दा बरोबर होता. तरी मार्क वाढवले नाहीत.

माझ्या शिकवण्यात मात्र एक बदल झाला. नेटवर्कमध्ये काहीतरी विचित्र दिसतंय असं सांगत एखादा विद्यार्थी आला की पूर्वी मी आधी त्याचा लॅपटॉप मागायची. आता आधी त्याला बसवते आणि विचारते, जेवलास का, झोप लागते का. लॅपटॉप त्यानंतर बघते. बहुतेक वेळा केबलच सैल असते. पण ते आधी विचारायचं असतं.